सक्तीची कामे आणि मर्जीची कामे
पालघर-तारापूर पट्टा आणि ब्रिटिश काळातील स्थानिक कायदे

पालघर, बोईसर आणि तारापूर ही आज गजबजलेली ठिकाणे ब्रिटिश अमलात ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात मोडत होती. मामलेदार कचेरी समुद्रकाठच्या केळवे-माहीमला होती. पालघर हे त्या गावाचे रेल्वे स्टेशन, तर बोईसर हे तारापूरला जाणाऱ्यांचे उतरायचे ठिकाण. खाडीच्या दक्षिण तीरावर तारापूर, म्हणजे माहीम तालुका. उत्तर तीरावर चिंचणी, म्हणजे डहाणू तालुका. या पट्ट्यातली सडक, साकव, विहीर, धर्मशाळा, शाळा, दवाखाना आणि जमिनीतून वर आलेल्या प्राचीन वस्तू या सगळ्यांवर १८५० ते १९४७ या काळात कायद्यांचे एक जाळे विणले गेले. त्या कायद्यांनी काही कामे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केली, त्यांच्यासाठी कर बसवला, जमीन मिळवून दिली. काही कामे मात्र संस्थेच्या मर्जीवर सोडली, आणि संग्रहालय हे त्यांतले एक. पालघरच्या मातीतले मोलाचे अवशेष आज मुंबईत का पाहावे लागतात, याचे बरेचसे उत्तर या विभागणीत आहे.

उत्तर कोकण १८१७-१८ च्या सुमारास कंपनीच्या ताब्यात आले, तेव्हा सार्वजनिक बांधकामासाठी स्थानिक कायदा असा नव्हताच. तळी, घाट, धर्मशाळा ही देवस्थानांची, गावकीची किंवा दानशूर व्यापाऱ्यांची कामे होती. तारापूरचे विकाजी मेहरजी यांच्यासारखे पारशी व्यापारी जकातीचे मक्ते घेत. त्यांच्या घराण्याची पेढी पुढे हैदराबादेत नावारूपाला आली. सत्ता आणि पैसा असा खासगी हाती असताना रस्ता व्हायचा तो मालाच्या सोयीचा. सरकारी बांधकामे लष्करी मंडळाकडे होती. १८५४ च्या सुमारास सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले आणि लष्करी व मुलकी कामे एका खात्यात आली, पण त्याचे लक्ष मोठ्या सडका आणि कचेऱ्यांवर होते. माहीमहून पालघर स्टेशनाकडे येणारी वाट किंवा मनोरकडची पावसाळ्यात तुटणारी वाट त्याच्या यादीत फार वर येणे शक्य नव्हते.

गावांना स्वतःची व्यवस्था करण्याची मुभा पहिल्यांदा १८५० च्या २६ व्या कायद्याने मिळाली. या कायद्यात सक्ती नव्हती. एखाद्या गावच्या रहिवाशांनी अर्ज केला आणि सरकारची खात्री पटली, तर तिथे म्युनिसिपालिटी नेमता येत असे. हिंदुस्थानात इतरत्र त्याला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. मुंबई इलाख्यात मात्र तो बऱ्याच गावांनी वापरला. ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, वसई अशा गावांबरोबर केळवे-माहीमलाही म्युनिसिपालिटी होती. १९०१ च्या जनगणनेत केळवे-माहीमची लोकसंख्या सुमारे साडेपाच हजार होती, म्हणजे आजच्या बोईसरच्या एखाद्या वस्तीएवढी. तरीही त्या गावाला घरपट्टी आकारण्याचा, दिवे लावण्याचा, गटारे काढण्याचा कायदेशीर अधिकार होता. पानमळे आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांनी भरलेल्या, बंदर असलेल्या, मामलेदाराच्या गावाला तो मिळणे त्या काळच्या समजुतीप्रमाणे स्वाभाविक होते.

खेड्यांचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला गेला. १८६० च्या दशकात मुंबई सरकारने शेतसाऱ्यावर जादा कर घेण्यास सुरुवात केली आणि १८६९ च्या मुंबई कायदा ३ ने, म्हणजे लोकल फंड कायद्याने, त्याला पक्के अधिष्ठान दिले. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा असा हा कर. त्यातला दोन-तृतीयांश भाग रस्ते, विहिरी, तळी, धर्मशाळा अशा कामांना आणि एक-तृतीयांश शिक्षणाला. हिशेब जवळून पाहिला तर कायद्याचा स्वभाव कळतो. ज्या खातेदाराचा सारा १६ रुपये, त्याला वर एक रुपया लोकल फंडाचा भरावा लागे. त्या रुपयातले १० आणे ८ पै बांधकामाकडे जात आणि ५ आणे ४ पै शाळेकडे. शाळेचा वाटा कायद्यानेच बाजूला काढलेला असल्याने रस्त्याची गरज कितीही असली तरी तो पैसा तिकडे वळवता येत नसे. या जिल्ह्यातल्या जुन्या प्राथमिक शाळांच्या पाठीशी हीच ५ आणे ४ पैंची तरतूद उभी आहे, आणि ब्रिटिश काळातल्या करविषयक कायद्यांतली ही सर्वांत शहाणी तरतूद म्हणावी लागते.

तिची दुसरी बाजूही तितकीच खरी. कर साऱ्यावर होता. म्हणून जिथे सारा जास्त तिथे फंड जास्त. समुद्रकाठच्या बागायती गावांचा सारा चांगला, तर पूर्वेकडच्या डोंगराळ, जंगल असलेल्या भागाचा सारा थोडा. १८७८ च्या जंगल कायद्याने मोठा प्रदेश राखीव जंगलात गेला. वारली, काथोडी, दुबळा, मल्हार कोळी या जमातींतले बहुसंख्य लोक खातेदार नव्हते; ते कुळे, गडी किंवा मजूर होते. करात त्यांचे नाव नव्हते, म्हणून मतदारयादीत नव्हते, आणि म्हणून कामे ठरवणाऱ्या बैठकीतही नव्हते. सडकेची माती टाकणारे हात मात्र अनेकदा त्यांचेच असत. स्थानिक स्वराज्याचा इतिहास सांगताना ही बाब सहसा तळटीपेत जाते. तिची जागा मुख्य मजकुरात आहे.

लॉर्ड रिपन यांच्या सरकारचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव १८ मे १८८२ चा. त्यातून मुंबई इलाख्यात १८८४ साली दोन कायदे झाले. कायदा १ ने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली, तर कायदा २ ने जिल्ह्यातल्या म्युनिसिपालिट्यांमध्ये निवडून आलेल्या सभासदांना निश्चित वाटा मिळाला. माहीम तालुक्याला स्वतःचे तालुका लोकल बोर्ड मिळाले. मतदान मालमत्तेवर आणि साऱ्यावर आधारलेले होते. जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टर आणि तालुका बोर्डाचा अध्यक्ष प्रांत अधिकारी. पैसा तोच, एका आण्याचा. तरीही फरक पडला. कोणत्या ओढ्यावर मोरी बांधायची, कोणत्या गावाला विहीर द्यायची, देवी काढणारा कर्मचारी कुठे फिरवायचा, याची चर्चा पहिल्यांदाच कागदावर आणि गावच्या माणसांसमोर होऊ लागली. ‘बोर्डाची शाळा’, ‘बोर्डाची सडक’ हे शब्द याच काळात बोलीत रुजले आणि बोर्डे गेल्यावरही बरीच वर्षे टिकले.

चिंचणी आणि तारापूर यांच्यामधली खाडी ही या व्यवस्थेची अडचण दाखवायला पुरेशी आहे. दोन्ही गावे एकमेकांना दिसतात, बाजार एक, नातीगोती एक. पण एक डहाणू तालुका बोर्डाखाली आणि दुसरे माहीम तालुका बोर्डाखाली. अशा सरहद्दीवरचे काम कोणाचे, खर्च कोणाचा, हा प्रश्न दोन बोर्डांतून जिल्हा बोर्डाकडे आणि तिथून कलेक्टरकडे जाणार. किनारपट्टीवर वैतरणेपासून दमणगंगेपर्यंत खाड्याच खाड्या आहेत, आणि सरहद्दी आखताना खाडी ही सोयीची रेघ समजली गेली.

जमीन मिळवण्याचा कायदा या सगळ्यांच्या मुळाशी आहे, आणि या पट्ट्यात त्याचे आयुष्य सर्वांत लांबले. १८५७ च्या ६ व्या कायद्याने सार्वजनिक कामासाठी जमीन सक्तीने घेण्याची एकच पद्धत ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग याच काळात या जिल्ह्यातून आखला गेला आणि १८६४ मध्ये मुंबई-अहमदाबाद गाडी सुरू झाली. पालघर आणि बोईसर यांचे पुढचे सगळे भवितव्य त्या रुळांनी ठरवले. तोवर बंदरांकडे तोंड करून बसलेला तालुका पूर्वेकडे वळला; माहीमचे महत्त्व हळूहळू ओसरले, कचेऱ्या पालघरला आल्या आणि तालुक्याचे नावही पालघर झाले. १८७० मध्ये भूमी संपादनाचा नवा कायदा आला, आणि १८९४ चा कायदा १ हा त्याहून अधिक धारदार निघाला. त्याची रीत ठरलेली होती. कलम ४ खाली प्राथमिक अधिसूचना, कलम ६ खाली ‘सार्वजनिक प्रयोजन’ असल्याचा जाहीरनामा, कलम ११ खाली कलेक्टरचा निवाडा, आणि रक्कम मान्य नसेल तर कलम १८ खाली न्यायालयाकडे दाद. बाजारभावावर सक्तीच्या खरेदीबद्दल १५ टक्के जादा. जमीन घेण्याला हरकत नोंदवण्याचा हक्क देणारे कलम ५अ १९२३ मध्ये घातले गेले. त्याआधीची २९ वर्षे मालकाला भावाबद्दल बोलता येत होते, संपादनाबद्दल नाही.

रस्त्याच्या बाबतीत ब्रिटनमध्ये आणि इथे कायद्याची दिशा सारखीच होती. संग्रहालयांच्या बाबतीत मात्र वाटा फुटल्या. ब्रिटनमध्ये विल्यम एवार्ट यांच्या पुढाकाराने १८४५ साली मोठ्या गावांतील संग्रहालयांचा कायदा झाला. दहा हजार लोकसंख्येच्या गावाला संग्रहालयासाठी पौंडामागे अर्धा पेनी कर बसवण्याची परवानगी त्याने दिली, आणि प्रवेशशुल्क एक पेनीपेक्षा जास्त नसावे असेही सांगितले. १८५० च्या ग्रंथालय कायद्याने तीच सोय पुढे नेली आणि १८५५ मध्ये कराची मर्यादा एक पेनी झाली. रक्कम क्षुल्लक दिसते. पण संग्रहालयाच्या नावाने वेगळा काढलेला पैसा हा त्या कायद्यांचा प्राण होता. इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या गावांमध्ये नगरपालिकांची संग्रहालये उभी राहिली ती या जोरावर.

मुंबई इलाख्यात असा वेगळा कर कधी आला नाही. १९०१ चा जिल्हा म्युनिसिपल कायदा ३ उघडून पाहिला, तर म्युनिसिपालिटीची कर्तव्ये दोन भागांत मांडलेली दिसतात. पहिल्या भागात रस्त्यावरचे दिवे, झाडलोट, आग विझवणे, गटारे, जन्ममृत्यूची नोंद, देवी काढणे अशी बंधनकारक कामे येतात. दुसऱ्या भागात संस्थेला वाटल्यास करायची कामे आहेत, आणि तिथे एकाच पोटकलमात बागा, ग्रंथालये, संग्रहालये, वेड्यांची इस्पितळे, सभागृहे, धर्मशाळा आणि मुसाफिरखाने ओळीने बसलेले आहेत. कर नाही, अनुदानाची हमी नाही, मुदत नाही. केळवे-माहीमसारख्या मोजक्या हजारांच्या उत्पन्नाच्या म्युनिसिपालिटीने आधी गटारे पाहायची की संग्रहालय, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवले होते. कायदा करणाऱ्यांनी संग्रहालयाला विरोध केला नाही; त्याला पैशाशिवाय परवानगी दिली, आणि लहान गावात त्याचा परिणाम नकाराइतकाच झाला.

मुंबई शहराची गोष्ट वेगळी होती. तिथे डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड यांच्या खटपटीतून भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम १८७२ मध्ये खुले झाले. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला बसली आणि त्यासाठी १९०९ चा स्वतंत्र मुंबई कायदा ३ झाला. त्याने विश्वस्त मंडळ नेमले आणि संग्रहालयाला कायदेशीर व्यक्तित्व दिले. पहिल्या महायुद्धात त्या इमारतीत लष्करी इस्पितळ होते. लोकांसाठी ती १९२२ मध्ये उघडली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमला तर १८६६ पासून स्वतःचा कायदा होता. म्हणजे राजधानीच्या शहरातल्या एकेका संग्रहालयासाठी स्वतंत्र कायदा, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या गावांसाठी मिळून एका पोटकलमातला एक शब्द.

या फरकाचे मोल सोपाऱ्याने चुकते केले. नालासोपारा आज पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यात आहे. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या ‘बुरूड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले आणि विटांचा बौद्ध स्तूप उजेडात आला. स्तूपाच्या गाभ्यात दगडी पेटी होती. झाकण उघडल्यावर मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती वर्तुळात बसलेल्या आठ कांस्यमूर्ती दिसल्या, सात मानुषी बुद्धांच्या आणि एक मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ते पुजले गेले असावेत, असे भगवानलालांनी मांडले. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. त्याच वर्षी सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियरही १८८२ सालचेच. त्याचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांनी या शोधात जातीने लक्ष घातले होते.

हे सगळे ठेवायचे कुठे, याला जिल्ह्यात उत्तर नव्हते. करंडक आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या, शिलालेखाचा तुकडाही मुंबईला गेला आणि पुढे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, आला. त्या वेळी जमिनीतल्या वस्तूंसाठी १८७८ चा गुप्तधन कायदा ६ अमलात होता. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर कलेक्टरला कळवायचे. मालक पुढे आला नाही तर तीन-चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक-चतुर्थांश जागेच्या मालकाला. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर एक-पंचमांश देऊन कलेक्टरने ती घ्यायची. नांगराला लागलेल्या हंड्यातल्या नाण्यांसाठी हा कायदा नेटका होता. वस्तूचा तिच्या गावाशी असलेला संबंध मात्र त्याच्या हिशेबात कुठेच नव्हता. किंमत ठरली, वाटणी झाली, वस्तू सरकारजमा झाली की कायद्याचे काम संपले. सोपाऱ्याचा ठेवा मुंबईत सुरक्षित राहिला, अभ्यासकांना उपलब्ध झाला, हे खरे आणि मोलाचे आहे. पण विरार-वसईच्या शाळकरी मुलाला आपल्या गावाची दोन हजार वर्षे पाहण्यासाठी फोर्टात जावे लागते, हे त्याच व्यवस्थेचे दुसरे फळ आहे.

वास्तूंसाठी कायदा यायला १९०४ साल उजाडले. ब्रिटनमधल्या १८८२ च्या कायद्यात स्मारकांची छोटी यादी होती आणि मालकाच्या संमतीवर सगळे अवलंबून होते. लॉर्ड कर्झन यांच्या काळातला प्राचीन स्मारक संरक्षण कायदा ७ त्यापेक्षा बराच पुढे गेला. सरकार अधिसूचना काढून स्मारक संरक्षित जाहीर करू शकत होते, मालकाशी करार करू शकत होते आणि स्मारक धोक्यात असेल तर १८९४ च्या भूमी संपादन कायद्याने ते विकतही घेऊ शकत होते. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होती. चालू पूजास्थाने सक्तीच्या खरेदीतून वगळली होती. वसईचा किल्ला आणि सोपाऱ्याचा स्तूप यांसारखी मोठी ठिकाणे अशा संरक्षणाखाली आली. केळवे, माहीम, शिरगाव, दांतिवरे, तारापूर या किनाऱ्यावरच्या छोट्या पोर्तुगीज-मराठा दुर्गांकडे मात्र ब्रिटिश अमदानीत फारसे कोणी पाहिले नाही. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरच्या तटावर बाजी भीवराव रेठरेकर पडले. मराठ्यांच्या इतिहासात या किल्ल्याचे स्थान ठळक आहे. कायद्याच्या यादीत ते तसे उमटले नाही.

जव्हारचा उल्लेख इथे आवश्यक आहे, कारण आजचा पालघर जिल्हा एका कायद्याखाली वाढलेला नाही. जव्हार हे मुकणे राजांचे संस्थान; मुंबई विधिमंडळाचे कायदे तिथे आपोआप लागू होत नव्हते. तिथली नगरपालिका १९१८ पासूनची, संस्थानच्या हुकमाने निघालेली. १९४८ मध्ये विलीनीकरण झाले तेव्हा लोकल बोर्डाची परंपरा त्या डोंगराळ मुलखाला नवी होती.

१९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले आणि १९२३ च्या लोकल बोर्ड कायदा ६ ने बोर्डांवरची सरकारी पकड सैल केली. १९२० आणि १९३३ च्या कायद्यांनी ग्रामपंचायती आल्या. तालुका लोकल बोर्डे १९३८ मध्ये रद्द झाली आणि जिल्हा बोर्ड तेवढे उरले. ते १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदेत विरून गेले. या घडामोडींत अधिकार वाढले, मतदार वाढले. कामांची विभागणी मात्र हलली नाही. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातही बागा, ग्रंथालये, संग्रहालये हीच ओळ ऐच्छिक कर्तव्यांत राहिली. पालघरची नगरपरिषद आज याच कायद्याखाली चालते. कधीकाळी म्युनिसिपालिटी असलेले माहीम ग्रामपंचायतीत आहे. बोईसरला २०११ च्या जनगणनेने शहर म्हटले, पण तिथला कारभार तेव्हाही ग्रामपंचायतीच्याच कायद्याने चालत होता. कारखान्यांच्या वसाहतीसाठी १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा आला आणि त्यात संपादनाचे स्वतंत्र प्रकरण होते.

१८९४ चा संपादन कायदा स्वातंत्र्यानंतर या किनाऱ्यावर सर्वाधिक जाणवला. तारापूरचे अणुवीज केंद्र ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. सार्वजनिक प्रयोजनाची व्याख्या, तातडीचे कलम, मोबदल्याची रीत, सगळे त्याच जुन्या कायद्याचे. १५ टक्क्यांची जादा रक्कम १९८४ मध्ये ३० टक्के झाली एवढाच मोठा फरक. पुनर्वसनाला त्या कायद्यात जागाच नव्हती. जमिनीचा भाव देता येतो, पण मच्छीमार गाव खाडीपासून दूर नेल्यावर काय हरवते, ते मोजण्याचे कलम १८९४ मध्ये लिहिले गेले नाही आणि पुढची शंभर वर्षेही लिहिले गेले नाही. १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा लागू झाला. त्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि पुनर्वसन यांना कायद्याच्या चौकटीत आणले. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा अस्तित्वात आला.

ब्रिटिश काळातल्या या कायद्यांपैकी लोकल फंडाचा आणि बोर्डांचा कायदा इतिहासजमा झाला आहे. १९०४ च्या स्मारक कायद्याचे काम केंद्राच्या १९५८ च्या आणि महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यांनी हाती घेतले. १८७८ चा गुप्तधन कायदा मात्र अजून अमलात आहे. पालघरच्या शेतात आज नाण्यांचा हंडा लागला, तर तो कळवायचा पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना, आणि कायद्यातली मर्यादा आजही दहा रुपयांचीच आहे.